दुसरं काडतूस

छोट्याची बंदूक पहिल्यांदा अडकली तेव्हा ताईनं ती गोष्ट हसण्यावारी नेली. "काडतुसं बदल," ती म्हणाली, "स्वस्तातली भरत असशील."

ताई बंदुका दुरुस्त करायची. दुकान आधी वडिलांचं होतं. बोळासारखी अरुंद खोली, पुढे लोखंडी जाळी, आत एक लांब बाक, त्याला जखडलेला शिकंजा, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या कानशी आणि मागच्या दाराबाहेर वाळूनं भरलेला खड्डा. दुरुस्त केलेली बंदूक त्या वाळूत झाडून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची नाही, हा वडिलांचा शिरस्ता. वडील गेले तेव्हा दुकानाला आता कुलूप लागणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मुलगा नेमबाज, तो काही कानस हातात धरणार नाही. आणि मुलगी बंदुका दुरुस्त करणार? पण तिनं केल्या. बँकेच्या पहारेकऱ्यांच्या केल्या, रानडुकरं हाकलणाऱ्यांच्या केल्या आणि नेमबाजीच्या क्लबाच्या तर झाडून सगळ्या. क्लबाचा सेक्रेटरी दर वेळी बंदूक परत घेताना ती उलटसुलट करून बघायचा आणि विचारायचा, "बाई, नीट घट्ट केलंय ना सगळं? लोकांच्या गालाशी असते ही." वडिलांना त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. ताई म्हणायची, "केलंय." त्यापुढे त्याच्याशी बोलणं तिच्या जिवावर यायचं.

छोट्या तिचा धाकटा भाऊ. चाळिशी ओलांडली, मिशीत पांढरे केस आले, तरी घरात छोट्याच. क्लबात मात्र त्याला 'अचूक' म्हणत. गावाबाहेरच्या जुन्या खाणीत क्लबाचं मैदान होतं. तिथे यंत्रातून मातीच्या तबकड्या हवेत भिरकावल्या जात आणि त्या खाली पडायच्या आत शॉटगननं फोडायच्या. सगळ्यात अवघड म्हणजे जोडी. दोन तबकड्या एकदम दोन दिशांना सुटतात. पहिली फोडायची, लगेच वळून दुसरी. छोट्याची जोडी बघायला लोक चहाचे कप हातात तसेच धरून उभे राहत.

त्याची बंदूक सेमी-ऑटोमॅटिक होती, वडिलांनी हौसेनं घेऊन दिलेली. अशा बंदुकीत एक बार काढला की रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकलं जातं आणि दुसरं आपोआप वर येऊन नळीत बसतं. काही बंदुकांत हे काम दारूचा वायू करतो. छोट्याची मात्र धक्क्यावर चालणारी होती. बार झाला की बंदूक मागे उसळते, खांद्यावर आपटून थांबते आणि आतला जड बोल्ट त्या धक्क्याच्या जोरावर मागे जातो, जाता जाता रिकामं काडतूस ओढून बाहेर टाकतो. त्याला काहीतरी कमी पडलं, तर काडतूस बाहेर पडायच्या बाजूच्या खिडकीतच अडकून बसतं. मग दुसरी तबकडी समोरून आरामात निघून जाते आणि नेमबाज नुसता चाप ओढत राहतो.

पहिल्यांदा अडकली ती सरावात. पुढच्या आठवड्यात पुन्हा. आणि मग क्लबाचा संघ निवडायच्या स्पर्धेत, ऐन जोडीच्या फेरीत, दोनदा अडकली. नियमात तेवढं अडखळणं माफ होतं, पण छोट्याचं मन त्यातच अडकलं आणि पुढचे सोपे नेमही चुकले. संघात त्याचं नाव आलं, पण शेवटचं.

त्या संध्याकाळी तो दुकानात आला आणि पिशवीतली बंदूक त्यानं बाकावर ठेवली. ठेवली म्हणजे जवळजवळ टाकलीच.

"हलकी काडतुसं नव्हती," तो म्हणाला. "सगळ्यांनी तीच वापरली. अडकली फक्त माझी."

"शेवटची साफ कधी केली होतीस?"

"साफ करायचं काम तुझं ना, ताई?"

तिनं बंदूक खोलली. आत खरंच घाण होती. जुनं तेल सुकून चिकट झालं होतं, बोल्टच्या खोबणीत जळक्या दारूची काजळी बसली होती. खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या आत एक लांब स्प्रिंग असते, मागे गेलेल्या बोल्टला पुढे ढकलणारी. तिच्यावर गंजाचे ठिपके होते. ताईला हायसं वाटलं. दोष सापडला की माणसाला असं बरं वाटतं. तिनं सगळं रॉकेलमध्ये धुतलं, पुसलं, पातळ तेलाचा नावाला हात फिरवला, स्प्रिंग नवी घातली आणि मागच्या खड्ड्यात एकामागून एक बार काढले. रिकामी काडतुसं खिडकीतून टपाटप उडून भिंतीवर आपटली. एकही अडकलं नाही.

छोट्यानं नेली, आणि दोन दिवसांत परत आणली.

"तशीच आहे," तो म्हणाला.

या वेळी तिनं त्याहून खोलात हात घातला. काडतुसाची कड पकडून ओढणारा छोटासा आकडा असतो. तो झिजला की काडतूस अर्ध्यातच सुटतं. तो बदलला. नळीच्या बुडाशी, जिथे काडतूस बसतं तिथे, वितळलेल्या प्लास्टिकचा थर साचतो. तो काढून जागा आरशासारखी घासली. बोल्टच्या आतली आखूड, जाड स्प्रिंग मोजली. तिच्यात काही खोट नव्हती. एकाच खोक्यातल्या काडतुसांचे दोन भाग करून एक भाग तिनं खड्ड्यात झाडला आणि उरलेली छोट्याला दिली. तिच्या हातून सगळी सुरळीत गेली. त्याच्या हातून पुन्हा अडकली.

तो आता चिडायला लागला होता. "बाबांनी एकदा हात लावला की ही वर्ष वर्ष बघावी लागत नव्हती," तो म्हणाला. ताईच्या हातात पक्कड होती. ती तिनं जागेवर ठेवली आणि फडक्याला हात पुसत राहिली. तो गेल्यावर तिनं बंदुकीचा सगळा आराखडा मनात पुन्हा मांडला, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की या सगळ्यात तपासायची एकच गोष्ट राहिली आहे, आणि ती तिच्या बाकावर येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून ती खाणीवर गेली. छोट्याला कळू न देता मागच्या पत्र्याच्या शेडपाशी उभी राहिली. एरवी ती तबकड्यांकडे बघायची, सगळेच बघतात. त्या दिवशी तिनं तबकड्यांकडे पाठ फिरवली म्हटलं तरी चालेल. ती फक्त भावाची पाठ बघत होती.

वडिलांनी त्याला लहानपणी शिकवलं होतं, नाक पायाच्या अंगठ्यांच्या पुढे हवं, वजन पुढे, खांदा भिंतीसारखा. तो आता मागे रेलून उभा होता. बंदूक पेलताना डावं कोपर खाली लोंबत होतं. बार झाला की त्याचा उजवा खांदा दस्त्याबरोबर मागे जात होता, वाऱ्यानं दार ढकलावं तसा. बंदुकीला अडवणारं काही नव्हतंच, मग बोल्टला जोर कुठून मिळणार? आणि सदऱ्यातून त्याच्या पाठीचं हाड दिसत होतं. खांद्याच्या मागे जिथे मांस असायचं तिथे खळगा पडला होता. बंदुकीत काही बिघाड नव्हता.

तिनं त्याला दुकानात बोलावलं. जाळी ओढून घेतली.

"इकडे ये. माझा हात ढकल."

"हे काय आता?"

"ढकल म्हणते ना."

तिनं तळहात त्याच्या तळहाताला लावला. लहानपणी दोघं असे जोर काढायचे आणि तो नेहमी जिंकायचा, कारण तो रडून जिंकायचा. आता त्यानं जोर लावला. ताईचा हात हलला नाही. त्यानं पुन्हा लावला. त्याचं मनगट थरथरलं आणि दुमडलं.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"काय कधीपासून?" तो ओरडला. "बंदूक दुरुस्त होत नाही तर आता माझ्यात खोड काढतेस? सरळ सांग ना, जमत नाही म्हणून!" आणि जाळी सरकवून निघून गेला. बंदूक तिथेच राहिली.

ताई त्याच्या घरी गेली ती त्याला भेटायला नाही, भावजयीला. भावजय शिवणकाम करायची. मशीनवर बसलेलीच होती. ताईनं विषय काढताच तिचा पाय पायट्यावर थांबला.

"सदऱ्याची बटणं मी लावून देते," ती हळूच म्हणाली. "त्यांना वाटतं, मला कौतुक म्हणून लावते. मागच्या महिन्यात तीन कप फुटले. टॉवेल पिळता येत नाही. मी काही बोलले की अंगावर येतात."

"मग मला सांगायचंस ना गं."

"तुम्हाला सांगितलं असतं तर घरात राहू दिलं असतं का मला त्यांनी?"

शेवटी दोघींनी मिळून त्याला डॉक्टरकडे नेलं. बऱ्याच तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होती, बोलताना पेनाचं टोपण काढत-घालत होती. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा मरत चालल्या आहेत, ती म्हणाली. औषधानं वेग थोडा कमी होईल, थांबणार नाही. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं. छोट्यानं एवढंच विचारलं, "बंदूक किती दिवस धरता येईल?" डॉक्टरला आधी प्रश्नच कळला नाही.

यानंतर दोनच आठवड्यांनी दुसऱ्या क्लबाशी सामना होता. त्यानं जाऊ नये म्हणून दोघींनी हात जोडले. तो गेला. बंदूक जोडीच्या फेरीत इतक्या वेळा अडकली की माफीची मर्यादा केव्हाच संपली, आणि संघ त्याच्या एकट्यामुळे हरला. क्लबानं बैठक बोलावली. बैठकीच्या आदल्या दुपारी तो दुकानात आला आणि गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. कितीतरी दिवसांनी त्याचा आवाज मऊ होता.

"ताई, एक काम कर माझं."

"बोल."

"उद्या तू ये तिथे. सांग की बंदूक तुझ्या हातून बिघडली होती."

ताईला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

"ते विचारणार आहेत मला. आधीच कुजबुज चालू आहे, 'अचूक'चा हात गेला म्हणून. आजार कळला की काय होईल माहितेय? पाठीवर हात फिरवतील माझ्या. अरेरे करतील. मला ते नाही सहन होणार गं. आणि चिऊची परीक्षा तोंडावर आहे, तिला कळायला नको इतक्यात."

चिऊ म्हणजे त्याची मुलगी. बारावीला होती.

"आणि माझं काय होईल?" ताईनं विचारलं.

"तुझं काय व्हायचंय? चूक कुणाच्याही हातून होते. चार दिवस बोलतील, विसरतील. चिऊची परीक्षा झाली की मी स्वतः उभा राहून सगळ्यांना खरं सांगेन. तुझी शपथ." मग तो रडला. नाक पुसताना त्याला उजव्या हाताला डाव्याचा आधार द्यावा लागला. ताई ते बघत होती. ती 'हो' म्हणाली.

बैठक क्लबाच्या लांब खोलीत होती. भिंतीवर कपांची कपाटं, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. ताई उभी राहून म्हणाली, "बोल्टमधली स्प्रिंग मी चुकीची बसवली होती. चूक माझी आहे." इतकी साधी खोटी वाक्यं, पण म्हणताना तिची जीभ अडखळली. अख्ख्या आयुष्यात तिनं एकही स्प्रिंग चुकीची बसवली नव्हती.

सेक्रेटरी खुर्चीत मागे रेलला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, बऱ्याच दिवसांनी एखादं कोडं सुटल्यासारखं समाधान होतं. "तरी मी म्हणतच होतो," तो म्हणाला. "बाई, तुमच्या वडिलांबद्दल आम्हाला आदर आहे. पण हे नाजूक काम. बायकांच्या हातचं नव्हे, असं मी म्हणत नाही हं. पण म्हणायची वेळ तुम्हीच आणलीत."

ताईनं भावाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता. मग सगळे गप्प झालेले पाहून तो वळला आणि मोठ्या मनानं म्हणाला, "जाऊ द्या. झालं ते झालं. शेवटी बहीण आहे माझी."

लोकांनी माना डोलावल्या. एकानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

क्लबाच्या बंदुका त्याच आठवड्यात दुकानातून उचलल्या गेल्या. मग बँकेच्या साहेबांचा निरोप आला. मग रानडुकरंवाले येईनासे झाले. एका जुन्या गिऱ्हाइकानं तर दुरुस्तीला दिलेली बंदूक न उघडताच परत नेली, आणि वर "वाईट वाटून घेऊ नका" म्हणाला. ताई शिवणयंत्रं दुरुस्त करायला लागली. कुलपं, शटरचे खटके, पिठाच्या चक्कीचे पट्टे. यंत्र ते यंत्र, तिचे हात तेच. पण खड्ड्यातली वाळू पावसापाण्यानं घट्ट होत गेली.

चिऊची परीक्षा झाली. निकाल लागला. छोट्यानं काही सांगितलं नाही. ताईनं एकदा आठवण केली तेव्हा तो म्हणाला, "थांब ना जरा, ती कॉलेजात रुळू दे." दुसऱ्यांदा आठवण केली तेव्हा म्हणाला, "तुला फार घाई झालीये का?" आजार तोपर्यंत लपण्यासारखा राहिला नव्हता, तो चाकाच्या खुर्चीवर आला होता. क्लबातले लोक भेटायला यायचे, अरेरे करायचे, पाठीवर हात फिरवायचे, आणि त्याला ते मुळीच असह्य होत नव्हतं. पण आजार त्या सामन्यानंतर सुरू झाला, असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

एका रविवारी ताई त्याच्याकडे गेली तेव्हा सेक्रेटरी आणि आणखी दोघं बसले होते. छोट्याचं बोलणं आता जड झालं होतं, शब्द ओठात घोळायचे, पण तो रंगात येऊन सांगत होता. "मी तिला म्हटलं होतं, ताई, ही स्प्रिंग तुला सैल नाही वाटत? तर म्हणे, तू नेम धर, यंत्र माझ्यावर सोड." सगळे हसले. ताई दारात उभी होती. तिला बघून तो क्षणभर थांबला, आणि मग पुढे बोलतच राहिला, तिच्याकडे बघून, जणू तिलाही ते आठवत असणार. तिनं त्याच्या डोळ्यांत शोधलं. तिथे लाज नव्हती, मिश्किलीही नव्हती. त्याला ते खरंच वाटत होतं. सांगता सांगता त्याचं त्यालाच पटलं होतं.

भावजय चहा गाळत होती. ताईनं तिच्याकडे बघितलं. गाळणं रिकामं झालं तरी भावजयीनं मान वर केली नाही.

चिऊनं आत्याशी बोलणं हळूहळू कमी केलं. आधी 'आत्या, ये ना' जाऊन 'आलीस?' आलं, मग नुसतं 'हं'. वडिलांच्या आयुष्यातला शेवटचा सामना कुणामुळे गेला, हे तिला त्यांनीच सांगितलं होतं. ती आता स्वतः नेमबाजी शिकत होती, वडिलांच्याच बंदुकीनं.

छोट्या गेला तो एका सकाळी, झोपेतच. ताईनं सगळं केलं, धावपळ, लोकांना कळवणं, खुर्च्या मागवणं. रडायला तिला वेळ मिळाला नाही आणि नंतर रडू आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी चिऊ दुकानात आली. खांद्याला बंदुकीची पिशवी होती. ती बसली नाही.

"मला एक सांगायचं होतं तुला," ती म्हणाली. "ही बंदूक मी शहरातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेली होती. त्यांनी खोलली, पुसली आणि परत दिली. तेव्हापासून एकदाही अडकलेली नाही. एकदाही नाही, आत्या. म्हणजे एवढं सोपं होतं ते. पपांचे शेवटचे सामने असे जायची काही गरज नव्हती."

ताईच्या हातात शिवणयंत्राचा धोटा होता. तिनं तो खाली ठेवला.

"ती अडकत नाही, कारण खांदा तुझा आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"मागे चल."

खड्ड्याजवळ वाळूवर गवत उगवलं होतं. ताईनं चिऊला बंदूक भरायला लावली. "आधी नेहमीसारखी धर. दोनदा मार." चिऊनं मारले. काडतुसं उडाली. "आता खांदा सैल सोड. मागे रेल. दस्ता नुसता टेकव, अडवू नकोस. कोपर खाली टाक. अजून खाली. वाळूवरची नजर काढू नकोस, आणि मार."

बार झाला. चिऊचा खांदा मागे गेला. रिकामं काडतूस खिडकीत उभं अडकून राहिलं.

चिऊ बराच वेळ त्या काडतुसाकडे बघत होती. ताईनं बंदूक तिच्या हातातून काढून घेतली, काडतूस नखानं सोडवलं आणि बंदूक रिकामी केली. मग तिनं सगळं सांगितलं, खाण, तळहात, डॉक्टर, बैठक. थोडक्यातच सांगितलं. चिऊ हुशार होती. सदऱ्याची बटणं, फुटलेले कप तिचे तिलाच आठवले असावेत, कारण तिचा चेहरा पांढरा पडत गेला.

"आईला माहीत होतं?"

"हो."

ताईला वाटलं होतं, पोर आता रडेल, गळ्यात पडेल. या क्षणासाठी तिनं मनात कितीदा तरी जागा करून ठेवली होती. पण चिऊनं पिशवीची चेन लावली आणि म्हणाली, "हे मला कशाला दाखवलंस?"

"तू विचारायला आलीस म्हणून."

"मी विचारायला नव्हते आले. मी सांगायला आले होते." तिचा आवाज फुटला. "इतकी वर्षं गप्प बसलीस ना? मग बसायचं होतंस. माझ्याकडे पपांचं एवढंच होतं. ते कधी चुकले नाहीत, एवढंच. तेही काढून घेतलंस."

ती गेली. जाळी उघडीच राहिली.

त्या वर्षाअखेर क्लबानं छोट्याच्या नावानं स्पर्धा ठेवली. ताईलाही बोलावणं होतं, भावजयीनं स्वतः येऊन सांगितलं, "नाही आलात तर लोक काय म्हणतील." खाणीवर मांडव घातला होता, खुर्च्या होत्या, टेबलावर छोट्याचा हसरा फोटो होता, खांद्याशी बंदूक घेतलेला. चिऊनं स्पर्धेत दुसरा क्रमांक काढला. बक्षीस घेताना सेक्रेटरीनं तिच्यापुढे माईक धरला आणि वडिलांबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं.

ती बोलली. चांगली बोलली. पपा पहाटे उठवून तिला खाणीवर कसे आणायचे ते तिनं सांगितलं, लोक हसले. मग म्हणाली, "पपांचा नेम शेवटपर्यंत चुकला नाही. त्यांना दगा दिला तो..." इथे ती थांबली. तिची नजर मागच्या रांगेकडे गेली, ताईकडे. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. "...त्यांना दगा दिला तो बंदुकीनं," चिऊ म्हणाली. "दुरुस्तीत चूक झाली होती. पण त्यांनी कधी कुणाला बोल लावला नाही."

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या काही माना मागे वळल्या आणि सभ्यपणे पुन्हा पुढे झाल्या. भावजय डोळ्यांना पदर लावून बसली होती. तिला काय झालं होतं ते तिचं तिलाच माहीत.

ताई उठली. मांडवाच्या बाजूनं बाहेर निघाली तेव्हा सेक्रेटरी लगबगीनं तिच्या मागे आला. म्हातारा झाला होता तोही. त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," तो म्हणाला. "पोर आहे, बोलून गेली. आम्ही तर तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. त्याला खरंच बरं वाटत होतं, माफ केल्याचं.

"उपकार झाले," ती म्हणाली, हात सोडवून घेतला आणि बसथांब्याकडे चालायला लागली. तिच्यामागे पुढची फेरी सुरू झाली होती. यंत्रानं तबकड्या भिरकावल्याचा आवाज येत होता आणि पाठोपाठ बार. मागे वळून न बघताही तिला ऐकू येत होतं, कुणाची बंदूक नीट चालतेय ते. सगळ्यांचीच चालत होती.